पोळी तीच, भाजी वेगळी

व्यायामाची सायकल घरी आणली की पहिला महिना ती बैठकीच्या खोलीत मानाने उभी असते. दुसऱ्या महिन्यात ती भिंतीकडे सरकते. पावसाळा लागला की तिच्या हँडलवर ओले टॉवेल वाळू लागतात आणि दिवाळीच्या साफसफाईत ‘ही कुणाला देऊन टाकायची का?’ असा विषय निघतो. कुठे सायकलीच्या जागी उड्या मारायची दोरी असते, कुठे आसनांची सतरंजी, तर कुठे व्यायामशाळेत भरलेली वर्षाची वर्गणी. शेवट मात्र बहुधा हाच.

घरातली मंडळी हा प्रकार एका शब्दात निकालात काढतात: आळस. हे निदान फारसे बरोबर नाही. जी बाई वीस वर्षे पहाटे साडेपाचला उठून दोन-दोन डबे भरते, किंवा जो गृहस्थ सकाळची ठरलेली लोकल कधी चुकवत नाही, त्यांना आळशी कसे म्हणायचे? व्यायाम सुटतो तो निराळ्याच दोन कारणांनी. एक म्हणजे कंटाळा. रोज तोच रस्ता, तोच वळसा, त्याच पंधरा बैठका. दुसरे कारण जरा चोरट्या पावलांनी येते. काही निमित्ताने चार दिवस खंड पडतो आणि पडलेला खंड कसा सांधायचा हे कुणी शिकवलेलेच नसते.

प्रश्न केवळ सुटलेल्या पोटाचा असता तर त्याकडे काणाडोळा करता आला असता. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते, तर स्त्रियांत सुमारे ५७ टक्के. आणि ‘पुरेशी’ म्हणजे काही पहिलवानी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटे झाली तरी किमान मर्यादा गाठता येते. शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काही करावे आणि पासष्टी ओलांडलेल्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत, असे ही संघटना सांगते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांना दूर ठेवण्यात या मिनिटांचा मोठा वाटा आहे. उतारवयात न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडला, की सगळ्या घराचे वेळापत्रक बदलते. तेही यातलेच.

‘मी दिवसभर घरात राबतेच की! आणखी व्यायाम कशाला?’ हा अनेक गृहिणींचा सवाल असतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. घरकामात हालचाल होते, ती मोजली जाते आणि दम लागेल इतक्या वेगाने केली तर तिचा फायदाही होतो. पण बहुतेक घरकाम ओट्याशी उभे राहून किंवा पुढे वाकून होते. त्यात पाठ आणि खांदे तेच तेच सोसतात, श्वास क्वचितच वाढतो आणि काही स्नायूंना तर वर्षभरात कधी कामच मिळत नाही. राबण्याने माणूस दमतो, पण त्याने ताकद वाढतेच असे नाही.

रोजच्या जेवणाचा कंटाळा का येत नाही?

कंटाळ्यावर उपाय म्हणून लगेच सुचतो तो बदल. आज योगासने, उद्या झुंबा, परवा पोहणे, तेरवा टेकडी. मोबाइलवर तर दर मिनिटाला नवा व्यायाम दाखवणारे शेकडो गुरू हजर आहेत. परंतु रोज सगळेच नवे, हा मार्ग रोज सगळे तेच या मार्गाइतकाच फसवा आहे.

याचे कारण शरीराच्या स्वभावात आहे. सवय नसलेला व्यायाम केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकते. तोच व्यायाम पुन्हा केला की ठणका पुष्कळ कमी होतो, कारण स्नायू त्या कामाला सरावतात. दर दोन दिवसांनी नवा प्रकार करणाऱ्या माणसाचे अंग मात्र कायमच ठणकत राहते. सरावण्याची वेळच येत नाही. दुसरा तोटा त्याहून मोठा. प्रगती मोजायची तर काहीतरी तेच असावे लागते. महिन्यापूर्वी चार नमस्कारांत धाप लागत होती आणि आज आठ सहज होतात, हे कळण्यासाठी नमस्कार महिनाभर घालावे लागतात. आणि आपण पुढे सरकलो आहोत हे दिसणे, याइतका हुरूप देणारे दुसरे काही नाही.

‘स्नायूंना सतत चकवा दिला तरच ते वाढतात’ असे व्यायामशाळांतून ऐकू येते. त्यात तथ्य थोडे आणि जाहिरात फार. स्नायू चकत नाहीत, त्यांना फक्त आधीपेक्षा थोडे जास्त काम हवे असते. २०१९ साली वजने उचलण्याचा सराव असलेल्या तरुणांवर आठ आठवड्यांचा एक प्रयोग झाला. काहींनी ठरावीक व्यायाम केले, तर काहींना प्रत्येक वेळी वेगळे व्यायाम नेमून दिले गेले. स्नायूंची वाढ आणि ताकद यांत दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. मात्र वेगवेगळे व्यायाम करणाऱ्यांचा उत्साह वाढला. म्हणजे बदल हवा तो मुख्यतः मनाला. शरीराला हवे सातत्य आणि हळूहळू चढत जाणारे काम. दोघांचे भांडण मिटवायचे कसे?

ते आपल्या स्वयंपाकघरात केव्हाच मिटलेले आहे. वर्षानुवर्षे पोळी तीच असते, वरण-भातही तोच. तरी जेवणाचा कंटाळा येत नाही, कारण भाजी रोज वेगळी असते, कोशिंबीर बदलते आणि मधूनच ताटात एखादी चटणी येते. रोजची पोळी बंद करून दररोज नवे पक्वान्न करायचे ठरवले तर गृहिणी आठवड्यात थकेल आणि खाणाऱ्यांचे पोटही बिघडेल. व्यायामाचे ताट असेच मांडावे. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, एक-दोन व्यायाम ठरलेले. ही झाली पोळी. बाकीचा तिसरा हिस्सा बदलता. ही भाजी.

औंधच्या राजांचा अनुभव

या संदर्भात औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची आठवण होते. सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेला असा राजा दुसरा झाला नाही. पण त्यांची सुरुवात सूर्यनमस्कारांनी झाली नव्हती. त्या काळी युरोपात गाजत असलेल्या युजीन सँडो या बलवंताची पुस्तके आणि साधने मागवून त्यांनी १८९७ पासून सुमारे दहा वर्षे ती पद्धत नेमाने चालवली. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते नमस्कारांकडे वळले आणि मग त्यांनी ते सोडले नाहीत. स्वतः, राणीसाहेब, मुलेबाळे सगळी नमस्कार घालू लागली. संस्थानातल्या शाळांमध्ये ते शिकवले गेले. १९३८ साली ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनच्या वाचकांपर्यंत पोहोचले. सँडोची साधने विकत घेण्याची ऐपत असलेल्या माणसाने शेवटी साडेपाच-सहा फुटांची जमीन पुरते असा व्यायाम पसंत केला, ही गोष्ट वर्गणी भरण्याआधी लक्षात घेण्यासारखी आहे.

आता सूर्यनमस्कार एकसुरी आहेत का? वरवर पाहता आहेत. पण ज्यांनी ते रुजवले त्यांनी कंटाळ्याची सोय आधीच करून ठेवली होती. नमस्कार एक, दोन, तीन असे मोजायचे नसून प्रत्येकाला सूर्याचे एक नाव. मित्र, रवी, सूर्य, भानू, खग, पूषा... अशी बारा नावे संपली की एक आवर्तन झाले. मोजणी ही अशी गोड झाली की आकड्याचा भार वाटत नाही. ज्यांना नावे घ्यायची नसतील त्यांनी घरातल्या माणसांची नावे घ्यावीत, चालते.

याच एका व्यायामात किती भाज्या निघतात पाहा. एक दिवस बारा नमस्कार संथ, प्रत्येक स्थितीत दोन-दोन श्वास. दुसऱ्या दिवशी सहाच, पण न थांबता भरभर, की चांगली धाप लागावी. तिसऱ्या दिवशी प्रत्येक नमस्कारात जमिनीलगत जाताना एक पुरा जोर जास्तीचा. चौथ्या दिवशी नेहमीप्रमाणे, फक्त पाय मागे नेताना उजवा-डावा आलटून-पालटून जातो की नाही यावर लक्ष. पुष्कळ जण वर्षानुवर्षे उजवाच पाय आधी नेतात आणि मग कंबर एकाच बाजूने का धरते म्हणून विचारतात.

रथसप्तमीला मैदानावर एकशे आठ नमस्कार घालायचे आणि पुढच्या रथसप्तमीपर्यंत सतरंजी गुंडाळून ठेवायची, असाही एक संप्रदाय आहे. त्यांच्या उत्साहाचे कौतुक करावे, पण त्याला व्यायाम म्हणू नये. तो उत्सव झाला.

ताटात काय कमी आहे?

नमस्कार उत्तम असले तरी त्यांत सारे नाही. त्यात जमीन ढकलण्याचे आणि वाकण्याचे काम भरपूर आहे, पण काही ओढण्याचे काम जवळजवळ नाही. एका पायावर तोल धरण्याचेही नाही. जुन्या तालमींत ही उणीव नव्हती. तिथे जोर-बैठका होत्या तशी दोरीवर चढण होती, मल्लखांब होता, करेल फिरवणे होते आणि प्रत्यक्ष लढत होती. पहिलवानाच्या मेहनतीत विविधता हौसेखातर आलेली नव्हती. कुस्तीत अंगाच्या प्रत्येक भागाची गरज लागते म्हणून ती आली होती. तुमच्या व्यायामात बदल करायचा असेल तेव्हा नवे काय दिसते याआधी उणे काय आहे हे पाहावे. म्हणजे बदल गमतीचाही होतो आणि कामाचाही.

ओढण्याच्या कामासाठी घरात पाच किलोची तांदळाची पिशवी पुरते. एक हात खुर्चीवर टेकवून, पाठ सरळ ठेवून पुढे झुकावे आणि दुसऱ्या हाताने पिशवी कमरेपर्यंत ओढून घ्यावी. दहा वेळा उजवा हात, दहा वेळा डावा. पायांच्या ताकदीसाठी खुर्चीवरून हात न लावता उठणे आणि बसणे. ज्यांना जमिनीवरचे जोर झेपत नाहीत त्यांनी ओट्याला हात टेकवून तिरके जोर काढावेत, तेही जड वाटले तर भिंतीला. वजन उचलताना श्वास रोखून धरू नये. जोर लावताना सोडावा, परत येताना घ्यावा.

तोलासाठी तर वेगळा वेळ काढायलाच नको. कुकरच्या दोन शिट्यांच्या मध्ये ओट्याला बोटे टेकवून एका पायावर उभे राहावे. आधी दहा सेकंद, मग वीस. पुढे बोटेही सुटतात. घरातल्या आजी-आजोबांनी फरशीच्या रेषेवरून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत चालून पाहावे. मात्र शेजारी भिंत किंवा घरातले कुणी असू द्यावे.

समजा, पंचेचाळिशीतली एक नोकरदार गृहिणी आहे. तिची पोळी अशी: सकाळी सहा वाजता वीस मिनिटे झपझप चालणे आणि सहा नमस्कार. एवढे रविवार सोडून रोज. सोमवारी आणि गुरुवारी त्यानंतर दहा मिनिटे ताकदीचे काम, म्हणजे वर सांगितलेली पिशवी, खुर्ची आणि ओट्याचे जोर. मंगळवारी चालण्यातच बदल: दोन मिनिटे नेहमीच्या चालीने, एक मिनिट जितके भरभर जमेल तितके, असे पाच वेळा. शुक्रवारी रस्ता वेगळा, शक्य तर चढाचा. शनिवारी आवडेल ते, अगदी मुलांशी बॅडमिंटन किंवा गाणे लावून स्वयंपाकघरात नाच. चार आठवडे झाले की ताकदीच्या व्यायामांपैकी एकच बदलावा, बाकीचे तसेच ठेवून दोन-दोन वेळा वाढवावेत. श्रम मध्यम आहेत की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये.

दहा हजार पावलांचा धसकाही या बाईने घेऊ नये. हा आकडा १९६०च्या दशकात जपानमध्ये पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून रूढ झाला. कुठल्या वैद्यकाने तो ठरवला नव्हता. अमेरिकेत सरासरी बाहत्तर वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्युप्रमाणही २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले आणि साधारण ७,५०० नंतर फायदा फारसा वाढत गेला नाही. म्हणून आपला आकडा आपल्या कालच्या आकड्यावरून ठरवावा.

ऋतू बदलतो तसे

‘अष्टांगहृदय’ लिहिणाऱ्या वाग्भटाने थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, एरवी त्याहून हलका ठेवावा, असे सांगून ठेवले आहे. शक्ती संपेपर्यंत घाम गाळा असे त्याने कुठेही म्हटलेले नाही. ऋतूप्रमाणे बदल हा तर आपल्या सणवारांतच विणलेला आहे. श्रावणात पाऊस बाहेर पडू देत नाही, तेव्हा मंगळागौरीला झिम्मा आणि फुगड्या. पंधरा मिनिटे मनापासून झिम्मा खेळून पाहा, चालण्याच्या वीस मिनिटांना लाजवील. नवरात्रात भोंडला, गरबा. हे खेळ एका रात्रीपुरते न ठेवता श्रावणभर आठवड्यातून एक संध्याकाळ शेजारणींनी जमवले तर पावसाळ्याची भाजी आयती मिळते. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी फुगडी सोडून टाळ्या आणि गाणी सांभाळावीत.

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर रस्ता सोडावाच लागतो. इमारतीचा जिना तेव्हा कामी येतो. गुडघे दुखत असतील तर जिन्याने चढावे आणि लिफ्टने उतरावे, कारण उतरताना गुडघ्यांवर येणारा ताण अधिक जाणवतो. नागपूरच्या मे महिन्यात साडेसातनंतर बाहेर चालणे हा हट्ट ठरेल. दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची अडचण उलटी आहे. तिथे थंडीतल्या पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते. ‘पहाटेची शुद्ध हवा’ हा आपल्याकडचा लाडका शब्दप्रयोग नोव्हेंबर-डिसेंबरच्या दिल्लीत लागू पडत नाही. हवा वाईट असेल त्या दिवशी घरातच नमस्कार आणि पिशवी, चालणे दुपारी उन्हे आल्यावर. इंदूर, बडोदे, बंगळुरू इथल्या वाचकांना त्यांची त्यांची हवा ठाऊक आहेच. मुद्दा असा की पावसाळ्याचा बेत मे महिन्यातच ठरवून ठेवावा. पहिला पाऊस पडला त्या सकाळी विचार करायला बसले की माणूस पुन्हा पांघरुणात शिरतो.

हुरूप कुठून आणायचा?

डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधील कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध केला. दिवसभर बसून बस हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिना चढ-उतर करत तिकिटे फाडणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकाराचा त्रास कमी होता. हा अभ्यास व्यायामाच्या महतीसाठी नेहमी सांगितला जातो, पण त्यातली दुसरी गंमत राहून जाते. त्या कंडक्टरांना हुरूप लागत नव्हता. वरच्या मजल्यावर उतारू होते, म्हणून चढावे लागत होते, इतकेच.

आपणही वरच्या मजल्यावर काहीतरी ठेवावे. दूध आणायला चालतच जायचे, आणि तेही कोपऱ्यावरच्या दुकानातून नव्हे तर पलीकडच्या चौकातून. भाचीशी किंवा बहिणीशी फोनवर गप्पा मारायच्या त्या चालताना. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, उत्कंठावर्धक कादंबऱ्यांचे वाचन फक्त व्यायामशाळेतच ऐकता येईल अशी सोय केली. पुढे काय झाले हे कळावे म्हणून माणसे खरोखरच जास्त वेळा येऊ लागली. मालिका ऐकण्याचे वेड असलेल्यांनी हा लोभ जरूर वापरावा. पण त्याच प्रयोगाचा दुसरा भागही ऐका. दिवस गेले तसा परिणाम ओसरत गेला आणि सणाची सुट्टी आल्यावर पार मावळला.

सोबतीचेही तसेच. नवरा-बायको एकत्र चालायला निघतात आणि आठवड्यात भांडून परततात, कारण एकाची चाल लांब, दुसऱ्याची आखूड. अशांनी घरातून एकत्र निघावे, मैदानावर आपापल्या गतीने फिरावे आणि ठरलेल्या वेळी फाटकाशी भेटावे. सोबत हवी ती घराबाहेर पडण्यापुरती, पावलाला पाऊल जुळवण्यासाठी नव्हे.

नोंद मात्र प्रत्येकाने ठेवावी आणि त्यासाठी मनगटावरचे महागडे घड्याळ लागत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकटीत एक फुली. महिन्यातून एकदा मोजमाप: अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येते, आणि नेहमीचा एक किलोमीटर किती मिनिटांत होतो. वजनाचा काटा रोज पाहू नये. तो हळू हलतो आणि त्याच्याकडे पाहून पुष्कळांनी चांगला चाललेला व्यायाम सोडला आहे.

खंड पडल्यावर

सवय लागायला एकवीस दिवस पुरतात, असे कुठेही वाचायला मिळते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा आला. कुणाला अठरा दिवस पुरले, तर कुणाला दोनशे चोपन्न लागतील असा हिशेब निघाला. त्याच अभ्यासातली दिलाशाची गोष्ट अशी की, मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात विशेष बिघाड झाला नाही.

त्याहून मोठा प्रयोग २०२१ च्या डिसेंबरात ‘नेचर’मध्ये आला. अमेरिकेतील व्यायामशाळांच्या एकसष्ट हजारांहून अधिक सभासदांवर चोपन्न निरनिराळ्या युक्त्या चार-चार आठवडे करून पाहिल्या गेल्या. सर्वांत सरस ठरली ती युक्ती अगदी साधी. चुकलेल्या दिवसानंतर परत येणाऱ्याला एक छोटेसे जास्तीचे बक्षीस. हजेरी न चुकवणाऱ्याला नव्हे, चुकवून परतणाऱ्याला! आपल्याकडे नेमके उलटे चालते. चार दिवसांनी सतरंजी काढणाऱ्या सुनेला ‘आली वाटतं आठवण!’ असे ऐकावे लागते. घरातल्या माणसांनी तेवढे एक वाक्य गिळले तरी पुष्कळ व्यायाम वाचतील. त्या सकाळी तिचा चहा दुसऱ्या कुणी करून ठेवला, तर हेही बक्षीसच झाले.

खंड कधी पडणार हे बहुधा आधीच माहीत असते. गणपती, दिवाळी, घरातले लग्न, मुलांची परीक्षा, गावाकडचा मुक्काम. अशा दिवसांसाठी पाच मिनिटांचा एक बारका व्यायाम ठरवून ठेवावा: तीन नमस्कार आणि दहा वेळा खुर्चीवरून उठणे. पाहुण्यांनी भरलेल्या घरातही तेवढी जागा मिळते. त्याने ताकद वाढणार नाही, पण चौकटीत फुली पडेल. एक दिवस चुकला तर चुकू द्यावा, दुसरा सलग चुकवू नये.

काहींनी मात्र आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवा व्यायाम सुरू करू नये. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचा त्रास असलेल्यांनी आणि गर्भवतींनी वाकण्या-उलटण्याच्या प्रकारांबाबत सल्ला घ्यावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये, खिशात ग्लुकोजची किंवा साखरेची पुडी ठेवावी. व्यायाम करताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घेरी असे काही झाले तर तिथेच थांबावे आणि वेळ न दवडता वैद्यकीय मदत घ्यावी. ‘सवय नाही म्हणून होत असेल’ असे म्हणून रेटू नये.

आजारानंतरची सुरुवात वेगळी असते. दोन-तीन आठवडे अंथरुणात गेले की दम लवकर घटतो, स्नायूंची ताकद त्यामानाने जरा टिकते. म्हणून परतणारा माणूस हातापायांच्या भरवशावर पूर्वीइतकाच चालायला जातो आणि अर्ध्या रस्त्यात धापा टाकतो. डेंगीसारख्या तापानंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिल्या आठवड्यात आधीच्या निम्मेच करावे: वीसऐवजी दहा मिनिटे, सहाऐवजी तीन नमस्कार. ताकदीची पिशवी त्या आठवड्यात तांदळाच्या डब्यातच राहू द्यावी. दुसऱ्या आठवड्यात दर दोन दिवसांनी दोन मिनिटे वाढवावीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना थकवा वाटला तर एक पायरी मागे यावे. दिवाळीच्या खंडानंतर इतके जपावे लागत नाही. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी, फराळाचे डबे अजून भरलेले असतानाच, नेहमीच्या वेळी नेहमीच्या रस्त्याला लागावे. त्या आठवड्यात भाजीचा विचार नको, नुसती पोळी पुरे.